खिळ्यावरचा पाना

"आज या फाट्यावरून देशाच्या औद्योगिक क्रांतीचा दुसरा अध्याय सुरू होत आहे!" मधुकर देवस्थळी साहेब म्हणाले आणि तो अध्याय कुठल्या दिशेला निघणार हे दाखवण्यासाठी त्यांनी उजवा हात उंच केला. हात कराडच्या दिशेला गेला. साहेब मात्र सांगलीच्या दिशेला निघाले. ज्या फळीवर ते उभे होते ती एका आडव्या लोखंडी ड्रमवर टाकलेली होती आणि त्या ड्रमला पाचर लावायचं राहून गेलं होतं.

"साहेब, उतरा! त्यो बांधल्याला न्हाई!" नाथाजी हवालदार ओरडला.

साहेब उतरले. कोंडीबा लोहाराच्या कोळशाच्या ढिगात उतरले, पण उतरले. माणूस जिद्दीचा होता. बाकीचं भाषण त्यांनी ढिगात बसूनच पुरं केलं आणि क्रांतीचा उल्लेख आल्यावर लोकांनी टाळ्याही वाजवल्या. नाथाजीनं फक्त एवढंच पाहिलं की ड्रमला पोचा आला नाही ना. ड्रम त्याचा होता.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या डिसेंबरातली. कराडकडून सांगलीला जाताना दोन जिल्ह्यांच्या शिवेवर उंबरफाटा लागायचा. मंत्री यायचा असला की फाटा आपलाच असं दोन्ही जिल्हे म्हणत. रस्ता दुरुस्त करायचा झाला की तो पलीकडचा होई. त्यामुळे फाट्याला कुणी वाली नव्हता आणि कुणाचा त्रासही नव्हता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिळून सहा कारखाने होते. कारखाने म्हणायचे ते बोलण्यातले. खरं म्हणजे पत्र्याच्या सहा छपऱ्या. एकीत कोंडीबाचा भाता, एकीत गुंडाचा लेथ, एकीत नाथाजीचं वेल्डिंग. बाकीच्या तिघांत एक पंप दुरुस्त करी, एक बैलगाड्या बांधी आणि एक धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या करी. सातवं दुकान बनुबाईचं. तिचं हॉटेल होतं, म्हणजे चहा, शेव आणि बसायला एक बाकडं.

आणि या सात दुकानांत मिळून पाना एक होता.

म्हणजे बारके पाने ज्याचे त्याच्याकडे होतेच. पण घट्ट बसलेला, गंजलेला, दहा वर्षं कुणी न हलवलेला नट काढायचा तर छत्तीस इंची पाईप पाना लागतो, आणि तो एकच होता. बनुबाईचा नवरा नानासो कोयनेच्या धरणावर एका ठेकेदाराचा ट्रक चालवायचा. काम उरकल्यावर ठेकेदारानं सामान लिलावात काढलं. शहाण्या माणसांनी खुर्च्या घेतल्या, नानासोनं पाना घेतला. पुढं नानासो वारला, पाना राहिला. बनुबाईनं तो हॉटेलच्या मेढीला, म्हणजे छपराच्या खांबाला, खिळा ठोकून टांगला. ज्याला लागेल त्यानं न्यावा. नियम एकच: कशाला पाहिजे ते सांगायचं.

"वैनी, पाना न्हेतो," असं नाथाजी म्हणाला की बनुबाई चहाच्या भांड्यावरची नजर न उचलता विचारी, "कशाला पायजे?" वस्तू तिची, तेव्हा विचारायचा तिला हक्क होता. सांगितल्याशिवाय पाना हलत नसे. आणि बनुबाईला जरा कमी ऐकू येत असल्यानं सांगायचं ते मोठ्यानं सांगावं लागे. त्यामुळे चहाला उकळी फुटायच्या आत नाथाजीची अडचण रस्त्याच्या दोन्ही अंगांना पोचलेली असे, आणि चहा गाळून होईतो निम्मा फाटा ती बघायला आलेला असे.

उसाच्या गाडीला उतारावर पायानं दाबायचा ब्रेक असाच निघाला. बैलगाड्या बांधणारा गाडीवाला आस काढायला पाना मागायला आला, तर कोंडीबा म्हणाला, आस कशाला बदलतोस, बैलाच्या मानेवर भार येतो तो थांबव की. कडबा कापायच्या यंत्राला पुढून पत्र्याची ढाल बसली तीही तशीच; बनुबाईनंच विचारलं होतं, "ह्यात बाईचा हात गेल्यावर काय करायचं, त्ये कुनी बघितलंय का?" तोवर कुणी बघितलं नव्हतं. ती यंत्रं मग पार जतपर्यंत जाऊ लागली आणि तिथली माणसं ती शोधत फाट्यावर येऊ लागली.

हे सगळं सरकारच्या कानावर गेलं आणि सरकारनं देवस्थळी साहेबांना पाठवलं. साहेब साताऱ्याचे, शिकलेले, मनानं निर्मळ. प्रादेशिक विकासावर त्यांचा जीव होता. एके ठिकाणी बारके कारखाने गोळा झाले की तिथं नव्या कल्पना आपोआप का जन्मतात, हे त्यांना शोधून काढायचं होतं. त्यांनी फाट्यावर तीन दिवस काढले आणि चोवीस पानी फॉर्म भरला.

"नाथाजीराव, तुमच्याकडे संशोधनाची व्यवस्था काय आहे?"

"म्हंजी?"

"म्हणजे नवी कल्पना कुठून येते?"

नाथाजीनं फौजेच्या वर्कशॉपात एकोणीस वर्षं काढली होती. साहेबानं विचारलं की उत्तर द्यायचं, हे अंगात मुरलेलं. त्यानं खरोखर विचार केला. "काय सांगावं, साहेब. पाना मागाय गेलं की येती."

साहेबांनी लिहून घेतलं: 'अवजारांची तीव्र टंचाई.' मग त्यांनी भागाकार केला. सात घटक, एक पाना. म्हणजे दर घटकामागे शून्य पूर्णांक चौदा शतांश पाना. एवढ्या पान्यानं नट कसा सुटायचा हे साहेबांना समजेना. टंचाईत ही माणसं एवढं करतात, तर टंचाई गेल्यावर काय करतील, या विचारानं म्हणे त्यांना दोन दिवस अन्न गेलं नाही.

त्याचं फळ म्हणजे डिसेंबरातला तो समारंभ. कोळशातून उठून साहेबांनी सात नवे कोरे, लाल रंगाचे, छत्तीस इंची पाने वाटले. एक बनुबाईलाही दिला, कारण फॉर्मात घटक सात होते. आणि खिळ्यावरचा जुना पाना फीत बांधून मुंबईच्या सरकारी प्रदर्शनासाठी ताब्यात घेतला.

"आवं, मालकांचा हाय त्यो," बनुबाई पुटपुटली. पण तोवर नारळ फुटला होता, आणि नारळ फुटल्यावर नाही म्हणायची रीत आपल्याकडे नाही.

पहिला आठवडा मजेत गेला. ज्याला त्याला आपला नट आपल्या पान्यानं काढायला मिळाला. कुणाचं तोंड बघायला नको, कुणाला कारण सांगायला नको. कोंडीबा तर काही काम नसलं तरी पाना खांद्यावर टाकून फिरे.

मग फाटा शांत झाला. शांतता तशी चांगलीच असते, पण ही जरा जास्त चांगली होती. बनुबाईची पावशेर चहापूड दोन दिवस पुरायची ती पाच दिवस पुरू लागली. कोंडीबानं कडबा कापायचं एक नवं यंत्र केलं, महिनाभर खपून. सगळं झाल्यावर ध्यानात आलं की मूठ डाव्या हाताला बसली आहे. आधी असतं तर पहिल्या घणालाच कुणीतरी शिवी घातली असती. पंचक्रोशीत डावरा माणूस एकच होता आणि त्याच्याकडे जनावर नव्हतं.

नाथाजीचं ध्यान मात्र एका गोष्टीवर होतं. त्याचा ड्रम.

हळद शिजवून वाळवली की हळकुंडाच्या अंगावर मातकट, खरखरीत साल राहते. ती घासून काढली तर माल पिवळा धमक दिसतो. नाही काढली तर सांगलीच्या बाजारात व्यापारी नाक मुरडतो. आजवर ही घासणी हातापायांनी व्हायची. बायामाणसं हळद पोत्यात भरून पोतं हेलकावत बसायची आणि पंधरा दिवस खांदे धरून फिरायची. नाथाजीनं जाळीचा मोठा ड्रम केला होता. इंजिनावर फिरवायचा, तासाभरात चार पोती चकाचक.

हळद पिकवणाऱ्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष लालासाहेब संक्रांतीला जीप थांबवून तो बघून गेले होते. लालासाहेब म्हणजे कमी बोलणारा माणूस. "हवालदार, चाळीस घेतो," ते म्हणाले. "गावागणिक एक. पाडव्याच्या आदी सांगलीत माज्या म्होरं फिरवून दावायचा. शंभर हळकुंडांत पाच मोडली तर चालंल. सहावं मोडलं तर रामराम."

चाळीस ड्रम म्हणजे फाट्याला दोन वर्षांचं काम. आणि ते काम हवंच होतं, कारण गुंडा निघाला होता. गुंडाचा मेव्हणा विट्याचा. विट्याकडची माणसं सोनं गाळायची दुकानं टाकून साऱ्या मुलखात पांगलेली. हा तिरुचिरापल्लीला होता. त्याचं पत्र आलं होतं: लोखंडात काय ठेवलंय, सोन्यात ये. गुंडानं ते पत्र नाथाजीला दाखवलं होतं.

"हवालदार, तुमचं चाळीस ठरलं तर ऱ्हातो. न्हाईतर पाडवा झाला की लेथ इकनार बघा. पोरं मोटी व्हाय लागली."

त्यात त्याचं चुकत नव्हतं. पण लेथ फाट्यावर एकच होता. प्रत्येकाचा आस, प्रत्येकाचं बूश, प्रत्येकाची पुली गुंडाच्या हातून जायची. तो गेला की उरलेली पाच माणसं मोडक्या लोखंडाभोवती बसून विड्या ओढतील आणि वर्षाच्या आत एकेक करून पुण्याला जातील, हे नाथाजीला डोळ्यांसमोर दिसत होतं.

आणि ड्रम हळद मोडत होता.

शंभरात अठरा. नाथाजीनं आत लोखंडी अँगल वेल्ड केले होते, हळद वर उचलली जावी म्हणून. त्यानं अँगल वाढवले; सत्तावीस मोडली. हळद कमी टाकली, एकतीस मोडली. इंजिन हळू केलं, तर इंजिनच खोकून बंद पडलं. शेवटी सगळं पहिल्यासारखं केलं; पुन्हा अठरा. दीड महिना तो एकटा नट सोडी, नट आवळी. पाना होता, त्यामुळे कुणाकडे जायचं कारण नव्हतं.

दिवसातून तीनदा तो बनुबाईच्या हॉटेलपर्यंत जाई, मेढीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघे आणि परत फिरे.

"च्या घेनार, भावजी?"

"न्हाई, आत्ताच झाला."

कुठं झाला होता हे त्यालाही सांगता आलं नसतं. फौजेत त्यानं रजा मागितली होती, घोंगडी मागितली होती, एकदा तर पठाणकोटला चक्क खेचर मागितलं होतं. पण 'मला जमत नाही, तुम्ही सांगा' असं बावन्नाव्या वर्षी, चारचौघांत, कसं म्हणायचं? फाट्यावर आजवर कुणी कुणाला सल्ला विचारला नव्हता. विचारणारा अडाणी ठरला असता. माणसं पाना मागायची. पाना मागण्यात कमीपणा नव्हता.

पाडव्याला नऊ दिवस उरले. सांगलीची चाचणी पाच दिवसांवर आली. भर दुपारी बाराच्या उन्हात नाथाजी आपला लाल पाना घेऊन हॉटेलच्या मागच्या विहिरीवर गेला. इकडंतिकडं बघितलं. फौजेचा माणूस, सरकारी सामान टाकणं त्याच्या रक्तात नव्हतं. पण टाकला. डुबुक असा आवाज झाला, आणि दीड महिन्यांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं.

मग तो पुढं आला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "वैनी, पाना द्या."

बनुबाई चहासाठी आलं ठेचत होती. तिच्या वाट्याच्या सरकारी पान्यानंच ठेचत होती. "कुठला?"

"त्यो." नाथाजीनं खिळ्याकडे बोट केलं. खिळ्यावर काही नव्हतं.

"तुमचा कुटं ग्येला?"

"घावंना."

"सकाळच्याला तर खांद्यावं व्हता."

"व्हता. आता घावंना म्हनतोय न्हवं!"

बनुबाईनं त्याच्याकडे बघितलं. मग आपल्या हातातल्या आल्यानं माखलेल्या लाल पान्याकडे बघितलं. आता ही तो पुढं करणार, आणि मग काय कारण सांगायचं? पण बनुबाईनं तो पुसला, शेवेच्या डब्यामागं सारला आणि पदराला हात पुशीत रिकाम्या खिळ्याकडे बघत विचारलं,

"कशाला पायजे?"

नाथाजी खिळ्यालाच म्हणाला, "ड्रम हळद मोडतोय."

"आँ?"

"ड्रम हळद मोडतोय!" तो ओरडला.

रस्त्यापलीकडे कोंडीबाचा घण थांबला. गुंडाच्या लेथचा पट्टा निसटल्यासारखा आवाज झाला आणि तोही थांबला. पाच मिनिटांत सगळा फाटा नाथाजीच्या छपरीत ड्रमभोवती उभा होता.

"किती मोडतोय रं?" कोंडीबानं विचारलं.

"अठरा."

"मोजली व्हय?"

"फौजंत मोजाय शिकिवत्यात."

"आनि करायला न्हाईत शिकिवत?"

गुंडानं ड्रमात डोकं घातलं. त्याचा आवाज आतून घुमत आला. "हवालदार, ही आत शिडी कशाला लावलीया?"

"अँगल हाईत ते. हळद वर जावी म्हनून."

"वर जाऊन काय करती?"

"खाली पडती."

"मग मोडंल न्हाई तर काय हुईल! तुमाला माळवदावर न्हेऊन खाली सोडलं तर तुमी काय अखंड ऱ्हाताय?"

सगळे हसले. नाथाजीचे कान तापले, पण तो हलला नाही. कोंडीबानं जाळीवर बोट फिरवलं आणि बोट तोंडात घातलं. "जाळी उलटी बसीवलीय गड्या. धार आत. हळकुंड काय मेंढी हाय का, खरडून काडायला? धार भाईर कर."

"आनि ह्यो आस," गाडीवाला म्हणाला, "मदोमद कशापाई? तिरपा घाल. ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात. पोरगं झोळीत हेलकावं खातं तसा खाऊ दे की."

तेवढ्यात बनुबाई चहा घेऊन आली. तिनं ड्रमात वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आवं भावजी, एवढ्याश्यात काय वाजनार? आमी पोतं भरायचो त्ये किती? गच्च. हळकुंडानं हळकुंड घासायचं असतंय. तुमी चार मुठी टाकून लोखंडावं आपटताय. तुमाला आमच्यातलं कुनी बोललं न्हाई का?"

कुणी बोललं नव्हतं, कारण कुणाला विचारलं नव्हतं. तिनं जन्मभर हळद घासली होती आणि नाथाजीच्या छपरीपासून ती चाळीस पावलांवर बसत होती.

तासभर नाथाजीला एवढं ऐकून घ्यावं लागलं की त्याचा पहिला सुभेदारही एवढं बोलला नसता. आणि तो तासभर सुखात होता. गुंडाला आठवलं की मोडक्या गुऱ्हाळाच्या चरकाची एक थोरली पुली त्याच्या परड्यात पडून आहे. ती घातली तर इंजिन हळू न करता ड्रम हळू फिरेल. पुलीखाली कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिची तेवढी सोय लावायची.

"चला तर मग," गुंडा म्हणाला. "आस काडूया. पाना आना कुनीतरी."

कोंडीबानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "माझा... जरा घावंना झालाय."

"तुझाबी?" नाथाजी म्हणाला.

गुंडा छपराकडे बघत होता. "माझं तर म्हशीनं... म्हंजी, माझाबी घावंना."

बनुबाई कपबश्या गोळा करत शांतपणे म्हणाली, "हिरीत गळ टाकून बघा. चार दिसांत तीन डाव डुबुक वाजलंय. न्हाई म्हटलं तरी तेवढं मला ऐकू येतंय. म्हटलं कासव असंल."

विहिरीत पडलेल्या घागरी काढायचा गळ आणला. एक लाल पाना वर आला. मग दुसरा आला. मग तिसरा. तिघांनी ते उन्हात ओळीनं वाळत घातले. कुणाचा कुठला हे कुणी विचारलं नाही. पुढं कोंडीबानं एवढंच सांगितलं की तो खिळ्यापर्यंत जाऊन दोनदा माघारी आला होता. पाना नाही तिथं मागायचं काय, असं त्याला वाटलं. नाथाजीला ते पुरतं कळलं. तो तर रोज तीनदा माघारी आला होता.

सांगलीला, सोसायटीच्या गोदामात, लालासाहेबांनी खुर्ची मांडून ड्रम फिरवून घेतला. तिरपा आस घातलेला ड्रम दारू प्यालेल्या माणसासारखा डुलत होता आणि लालासाहेबांना तो पहिल्या नजरेत मुळीच पसंत पडला नाही. तासाभरानं ड्रमचं दार उघडलं. हळद अशी पिवळी निघाली की गोदामातला हमालही थबकला. लालासाहेबांनी हातानं शंभर हळकुंडं वेचली आणि एकेक निरखून बाजूला ठेवत ते नव्याण्णवपर्यंत आले. चार मोडकी. एक संशयित होतं, ते त्यांनी दोन्ही हातांत धरून वाकवून बघितलं आणि ते मोडलं.

"पाच," नाथाजी ताठ उभा राहून म्हणाला.

लालासाहेबांनी शंभरावं हळकुंड उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. उजेडाकडे धरलं. ते अखंड होतं.

"चाळीस," ते म्हणाले आणि उठले.

ड्रमशेजारी टेम्पोत बसून नाथाजी आणि गुंडा परत निघाले. किर्लोस्करवाडीकडचं वळण मागं पडल्यावर गुंडा म्हणाला, "मेव्हन्याला लिवतो. म्हनतो, सोनं काय, एकदा गाळलं की सपलं. तूच ये हिकडं."

पाडव्यानंतर पंधरवड्यानं देवस्थळी साहेब आले. पांढरा शर्ट, खांद्याला शबनम पिशवी, पिशवीत अहवाल. उन्हातून आले ते थेट बनुबाईच्या बाकड्यावर बसले, पिशवी मेढीवरच्या खिळ्याला अडकवली आणि घाम पुसला. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"नाथाजीराव, मी आकडे बघितले. चाळीस ड्रम! आणि हे कशामुळे? दर घटकामागे एक पूर्ण पाना मिळाल्यामुळे! सप्त-पाना योजना शंभर टक्के यशस्वी. आता हीच फलटणला नेतो, खंडाळ्याला नेतो. दोन्ही जिल्ह्यांत मिळून चौदाशे पाने वाटायचे आहेत. गावोगाव असे फाटे उभे राहतील. कुणाला पोट भरायला गाव सोडावं लागणार नाही!"

शेवटचं वाक्य ते अगदी मनापासून बोलले, आणि नाथाजीला त्यांच्याबद्दल माया वाटली. या माणसानं फाट्यासाठी कोळसा अंगाला लावून घेतला होता. त्याला खरं सांगायलाच हवं. नाथाजीनं शब्द जुळवले. "साहेब, पान्यानं तसं न्हाई होत. म्हंजी पाना पायजे, पर एकच पायजे. म्हंजी नसला तरी चालतंय..."

साहेबांनी वही काढली आणि लिहिलं: 'लाभार्थी स्वावलंबी. अधिक अवजारांस नम्रपणे नकार.'

"वैनीचा जुना पाना कुटं हाय, साहेब?" नाथाजीनं दुसरा मार्ग धरला.

"मुंबईला! काचेच्या कपाटात, वर दिवा. शाळेची मुलं बघायला येतात. खाली पाटी लावली आहे, 'टंचाई'."

बनुबाईनं चहा गाळता गाळता हात थांबवला. "काचंत? दिवाबी हाय?"

"ट्यूबलाइट आहे."

"मग मालक ब्येस हाईत," ती म्हणाली. "जित्तेपनी कवा एवढा उजेड बघितला न्हाई त्येनी."

एवढ्यात रस्ता ओलांडून कोंडीबा आला. हातात एक वाकडा गज होता आणि कपाळावर आठी. गेल्या महिन्यापासून फाट्याची नवी रीत पडली होती. अडलेला माणूस यायचा, रिकाम्या खिळ्याला हात लावायचा आणि कशाला पाहिजे ते मोठ्यानं सांगायचा. पाना कुणालाच मिळत नसे आणि काम प्रत्येकाचं होई. पंपवाला कालच येऊन गेला होता, कोठीवाला परवा. आज कोंडीबा मेढीपाशी आला आणि थांबला. खिळ्याकडे बघितलं. खाकरला. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. रस्त्यापलीकडे गुंडानं लेथ बंद करून कान टवकारले होते.

साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते बाकड्यावरून उठून उभे राहिले होते. "मंडळी, संकोच करू नका! आज सरकार तुमच्या दारात आलं आहे. शेड मागा, वीज मागा, डांबरी रस्ता मागा. मी आत्ता, याच जागेवर, शिफारस लिहितो. बोला! फाट्याला काय हवं?"

नाथाजीनं बनुबाईकडे बघितलं. बनुबाईनं कोंडीबाकडे बघितलं. मग तिनं कप साहेबांच्या हातात दिला आणि हलकेच म्हणाली,

"साहेब, तेवढी तुमची पिशवी खिळ्यावरनं काडा. कोंडीबा कवाचा थांबलाय."